खोलीचं तापमान

माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही. जे काही झालं ते आकड्यावर ठेवून झालं. हे थोरल्याचं ठाम मत होतं आणि शीतगोदामाच्या धक्क्यावर उभा राहून, हातातला लॉगर ड्रायव्हरच्या नाकासमोर धरून तो ते ऐकवत होता. अडचण एवढीच होती की या खेपेला खोटं आकड्यानेच सांगितलं होतं.

"थर्मासात ठेवला होतास ना?"

"नाही हो साहेब."

"बर्फ घालून?"

"बर्फ कशाला घालू? मासळीत ठेवला होता, तुम्ही सांगता तसा. मधोमध."

थोरल्याने लॉगर संगणकाला जोडला आणि पडदा ड्रायव्हरकडे वळवला. काडेपेटीएवढी ती पांढरी डबी. निघताना बटण दाबायचं, हिरवा दिवा लुकलुकला की मालात ठेवून द्यायची. मग ती वाटभर ठरावीक अंतराने तापमान टिपत राहते आणि मुक्कामाला पोचल्यावर सगळा प्रवास एका रेषेत काढून दाखवते. ड्रायव्हरच्या प्रवासाची रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी.

"मग चांगलंच की," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी गार होती."

"इतकी सरळ रेषा गाडीत येत नाही. वाटेत कुठे थांबला नाहीस?"

"जेवायला थांबलो होतो."

"इंजिन बंद करून?"

"मग काय, चालू ठेवून जेवू?"

"तर तेवढ्यात रेषा थोडी तरी वर चढायला हवी होती. तुझं जेवण हिला कळलंच नाही बघ."

ड्रायव्हरने रेषेकडे पाहिलं, मासळीकडे पाहिलं, आणि शेवटी प्रांजळपणे म्हणाला, "थर्मास नवा होता साहेब. फारच चांगला निघाला."

माल परत गेला. गोदामात थोरल्याला पंचनामा म्हणत ते उगाच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेले लॉगर, पंख्याच्या तोंडाशी टांगलेले लॉगर, ड्रायव्हरने पाण्याच्या बाटलीला चिकटवून आणलेले लॉगर, सगळे त्याने रेषा पाहून ओळखले होते. नव्या माणसांना तो एकच धडा देई: लॉगर हवा मोजायला नाही, माल मोजायला असतो. आणि फार चांगली रेषा दिसली की आधी संशय घ्यायचा, मग आनंद मानायचा. आनंद मानायची वेळ सहसा येत नसे, हा भाग वेगळा.

फोन वाजला तेव्हा तो परतीच्या कागदावर शिक्का मारत होता. बाबांचा होता.

"कामात आहेस?"

"बोला."

"काही नाही. थंडी वाजते रे."

"स्वेटर घाला."

"घातलाय."

"मग हीटर लावायला सांगा धाकट्या सुनेला."

"लावते ती." बाबा खोकले. "तुझ्याकडे कसं आहे?"

"उणे अठरा."

"घरी विचारतोय."

"घरी ठीक आहे," थोरला म्हणाला, आणि शिक्का मारून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की फोन केव्हाच बंद झालाय.

बाबा गेल्या वर्षापर्यंत थोरल्याकडेच होते. आई गेल्यावर त्यानेच आणलं होतं त्यांना. मग मुलीचं परीक्षेचं वर्ष आलं. दोन खोल्यांत एक अभ्यास, एक शिवणयंत्र आणि एक खोकला मावेना, तेव्हा थोडे दिवस धाकट्याकडे राहा म्हणून तो त्यांना पोचवून आला. परीक्षा झाली, निकाल लागला, मुलगी कॉलेजात गेली, आणि थोडे दिवस मात्र संपायचं नाव घेईनात. बाबांनी एकदाही, "मला घेऊन जा," म्हटलं नाही. थंडी सुरू झाल्यावर ते फक्त एवढंच म्हणू लागले की थंडी वाजते.

"आणा ना त्यांना," थोरल्याची बायको म्हणाली. मशीनवरून मान वर न करता. "मी कधी नको म्हटलंय? फक्त खाट कुठे टाकायची ते सांगा, मी मशीन डोक्यावर घेते."

"खरंच थंडी असेल तर आणू."

"खरंच म्हणजे?"

"म्हाताऱ्या माणसाला वाटतं तसं. धाकटा म्हणतो, खोली गरम असते."

"मग विचारा कुणाला तरी."

"विचारायचं कशाला?" थोरला म्हणाला. "मोजू."

हे त्याला इतकं रास्त वाटलं की त्या रात्री त्याला झोप छान लागली. कुणावर आरोप नाही, कुणाची बाजू घेणं नाही. खोली गार निघाली तर बाबांना घेऊन यायचं. मशीन, खाट, काय ते बघता येईल. उबदार निघाली तर बाबांची समजूत घालायची. दोन भावांत वाईटपणा यायला जागाच नाही. पुढच्या रविवारी तो लॉगर खिशात घालून धाकट्याकडे गेला आणि पोचल्यापासून चहाचं पाणी उकळेपर्यंतच्या अवधीत पुरेसा वाईटपणा येऊन गेला.

"आमच्यावर पाळत ठेवताय, भाऊजी?" धाकटी म्हणाली.

"पाळत कसली? तापमान आहे ते."

"तुमच्या गोदामात चोर ड्रायव्हरांना लावता ना हे?"

"सगळ्यांनाच लावतो. चोर नंतर कळतात."

हे बोलायला नको होतं, असं त्याला बोलून झाल्यावर वाटलं. धाकटा सोफ्यावरून उठला. "दादा, एवढा संशय असेल तर घेऊन जा त्यांना. आत्ता. मी बॅग भरतो."

"मी तसं म्हटलंय का?"

"मग कसं म्हटलंयस?"

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांचा जन्म मोठ्या वजनकाट्यावर गेला होता. ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन सांगायचं, पावती फाडायची. भरलेल्या ट्रकच्या मागे पाय टेकवून उभे राहणारे, चाक अर्धं बाहेर ठेवणारे, सगळे त्यांनी नुसत्या नजरेने खाली उतरवले होते. आकड्याचा आदर दोन्ही मुलांनी त्यांच्याकडूनच घेतला. धाकट्याने थोडा कमी, थोरल्याने पोटापाण्याला पुरेल इतका.

"बघू," बाबा म्हणाले, आणि त्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट केली. "हे वजन करतं?"

"थंडी मोजतं बाबा. तुमची."

"अस्सं. आणि मग कुणाला सांगतं?"

"मला."

"बरं," बाबा म्हणाले. "भांडू नका. ठेव कुठे ठेवायचं ते."

त्यांची खोली म्हणजे मूळची बाल्कनी. तिला तिन्ही बाजूंनी काचा बसवून, एक खाट, एक फळी आणि एक खुंटी देऊन खोलीच्या पदाला चढवलं होतं. थोरल्याने रीतसर जागा निवडली. दाराजवळ नाही, काचेला लागून नाही, हीटरच्या तोंडाशी नाही. उशाच्या फळीवर, औषधाची बाटली आणि चष्म्याचं घर यांच्या मधोमध त्याने लॉगर ठेवला, बटण दाबलं, आणि कोपऱ्यातल्या हीटरकडे पाहिलं. हीटर बंद होता.

"फ्यूज जातो मधून मधून," धाकटा मागून म्हणाला. "वायरमन यायचाय. वायर बदलावी लागेल म्हणतोय, भिंत फोडून."

"बदल."

"बदलणारच आहे. तुझ्या यंत्राने सांगायची वाट नव्हतो बघत."

दोन रविवारांनी थोरला लॅपटॉप घेऊन आला. बाबा बाहेरच्या खोलीत येऊन बसलेच होते, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावून, लॉगर मुठीत धरून. त्यांनी तो थोरल्याच्या हातात दिला. डबी कोमट लागली. बराच वेळ हातात धरून बसले असतील, थोरल्याच्या मनात आलं, आणि त्याने ती जोडली. चौघेही पडद्याकडे बघू लागले. धाकटी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती.

अठ्ठावीस. दिवसा अठ्ठावीस, रात्री अठ्ठावीस, कधी थोडं वर, कधी थोडं खाली. रोज सकाळी मात्र रेषा एकदम खाली बुडी मारायची आणि थोड्या वेळाने पुन्हा अठ्ठावीसवर येऊन बसायची.

"हे काय?" धाकट्याने विचारलं.

"खिडकी उघडली असेल. केर काढताना."

"हो," बाबा म्हणाले. "उघडते ती."

हीच रेषा एखाद्या ड्रायव्हरने आणली असती तर थोरल्याने त्याला धक्क्यावर उभं करून सोलून काढलं असतं. तीन बाजूंनी काचा असलेली बाल्कनी, बाहेर कडाक्याची थंडी, फ्यूज उडणारा हीटर, आणि पहाटेसुद्धा अठ्ठावीस? बाबा रे, कुठल्या थर्मासातून आणलीस ही? पण समोर ड्रायव्हर नव्हता. समोर बाबा होते, भाऊ होता, चौकटीला टेकलेली भावजय होती. डोक्यात मशीन आणि खाट होती. रेषा चांगली होती, आणि एकदा तरी चांगली रेषा पाहून आधी आनंद मानावा, असं त्याला मनापासून वाटलं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "बाबा, ही काही थंडी नव्हे. माझ्या घरी एवढं नसतं."

"झालं समाधान?" धाकटा म्हणाला, पण त्याच्या आवाजातली धार गेली होती. त्यालाही बरं वाटलं होतं. घरातल्या सगळ्यांनाच बरं वाटलं. धाकटीने पुन्हा चहा टाकला. "मग त्या वायरमनला नको म्हणून सांगतो मी," धाकटा म्हणाला. "उगाच भिंत फोडा, धूळ करा. उद्याच येणार होता."

धाकटी काहीतरी म्हणणार होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मलाच वाटत असेल मग," बाबा म्हणाले. "वयात होतं तसं. राहू दे ते यंत्र माझ्याकडे. सोबत होते." थोरल्याने पुन्हा बटण दाबून डबी त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर बाबांनी थंडीची तक्रार केली नाही. फोन करीत, पण चेष्टेच्या सुरात.

"कसे आहात?" थोरला विचारी.

"अठ्ठावीस."

"मजेत म्हणजे."

"मजेत. तू?"

"उणे अठरा."

"जप," बाबा म्हणत आणि फोन ठेवत. थोरल्याने हा किस्सा गोदामात सांगितला. लोक हसले. थोडे दिवस सगळेच एकमेकांना विचारल्यावर आकडे सांगू लागले. कॅन्टीनवाला स्वतःला शंभर म्हणवून घेई. म्हातारा फार मिश्कील आहे तुमचा, असं क्वालिटीच्या मॅडम म्हणाल्या, आणि थोरल्याला बापाचा अभिमान वाटला.

एका सकाळी फोन आला तो धाकट्याचा. "दादा," एवढंच तो म्हणाला. मग धाकटीने फोन घेतला आणि सांगितलं.

डॉक्टरांनी छातीत कफ साठल्याचं लिहिलं. वय झालं होतं, ते म्हणाले; झोपेतच गेले म्हणजे सुखानेच गेले. सुख कशावरून ठरवलं हे कुणी विचारलं नाही. भेटायला येणारे येऊन गेले. दोघा भावांनी एकमेकांचे खांदे धरले, लहानपणी धरले असतील तसे. धाकट्याने चारचौघांत सांगितलं की खोलीत ऊब होती, दादाने स्वतः मोजून पाहिली होती, आम्ही काही कमी पडू दिलं नाही. थोरल्याने मान हलवली. ते खरंच होतं. त्याने मोजलं होतं.

काही दिवसांनी बाबांचे कपडे आवरायला म्हणून तो पुन्हा तिकडे गेला. धाकटा खाली गेला होता. धाकटीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि ओट्यावर लॉगर ठेवला. हिरवा दिवा अजून लुकलुकत होता.

"हे तुमचं, भाऊजी."

"फळीवर होता?"

"स्वेटरमध्ये. आतल्या खिशात."

"स्वेटरला आत खिसा कुठे होता?"

"मी शिवून दिला होता."

 धाकटीने फडकं घेतलं आणि स्वच्छ ओटा पुन्हा पुसायला सुरुवात केली.

"तुम्ही ते ठेवून गेलात ना, तुम्ही जिना उतरताच ते मुठीत धरून आले, म्हणाले, जरा खिसा लावून दे गं. म्हटलं, कशाला? तर म्हणाले, ते फळीवर गार पडेल. गार आकडा गेला तर थोरला धाकट्याला बोलेल, धाकटा तुला बोलेल, माझ्यावरून दोघांची तोंडं फिरतील. अंगाशी धरतो, ऊब लागली की यंत्रही गप्प, पोरंही गप्प." तिने फडकं पिळलं. त्यातून पाणी आलं नाही. "हसत होते. म्हणाले, जन्मभर काट्यावर कुणाला पाय टेकू दिला नाही, आता एकदा मीच टेकतो."

"आणि सकाळी? रोज सकाळी रेषा खाली जायची..."

"अंघोळीला जाताना स्वेटर काढायचे. खुंटीला टांगून जायचे."

"तू मला सांगायचं होतंस."

"त्यांनी शपथ घातली होती." तिने फडक्याची घडी घातली. "आणि तुम्हीही मला विचारलं नाहीत भाऊजी. मी तिथंच उभी होते. तुम्ही त्या डबीला विचारलंत."

"हीटर?"

"हीटर लावला की सगळ्या घरात अंधार. मी ह्यांच्या मागे लागले होते, वायरमनला पुन्हा बोलवा म्हणून. हे म्हणायचे, दादा स्वतः अठ्ठावीस सांगून गेलाय, तुला त्याच्यापेक्षा जास्त कळतं का?" तिचा आवाज आता बारीक झाला होता. "मी दोन गोधड्या देत होते. पिशवीत गरम पाणी भरून देत होते. रात्री उठून बघत होते. तरी हात गारच असायचे. नुसतं ते तुमचं गरम असायचं."

खालून धाकट्याच्या पावलांचा आवाज जिन्यात आला. धाकटीने डोळे पुसले आणि फडकं नळाखाली धरलं.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली. "ते सगळ्यांना सांगत असतात, खोलीत ऊब होती. तेवढ्यावरच आहेत ते सध्या."

थोरल्याने नाही सांगितलं. त्याने कपड्यांची पिशवी उचलली, लॉगर खिशात टाकला, आणि भावाला येतो म्हणून निघाला. घरी बायकोने विचारलं, सगळं आवरलं का? तो म्हणाला, आवरलं. ती म्हणाली, मी मशीन विकायला काढणार होते हो, खरंच, उन्हाळ्यात. तो म्हणाला, माहीत आहे. त्याला काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोदामात माल उतरेपर्यंत निवांतपणा होता. त्याने लॉगर संगणकाला जोडला. क्वालिटीच्या मॅडम मागून जाताना थबकल्या.

"कुठल्या गाडीचा?"

"गाडीचा नाही."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या पुढे गेल्या.

रेषा उघडली. अठ्ठावीस, सकाळची बुडी, पुन्हा अठ्ठावीस. बाबांचा एकेक दिवस असा ओळीने उभा होता: उठले, अंघोळीला गेले, आले, स्वेटर घातला. शेवटी शेवटी अठ्ठावीसाचे सव्वीस झाले होते, पंचवीस झाले होते. बुड्याही विरळ झाल्या होत्या. अंघोळ जमेनाशी झाली असावी. या दिवसांतही फोनवर विचारलं की अठ्ठावीसच येत होतं.

मग एका रात्री रेषा उतरायला लागली. झटक्याने नाही, स्वेटर काढल्यावर उतरायची तशी नाही. यंत्रणा बंद पडल्यावर माल जसा सावकाश, कुणाच्या ध्यानात न येता आपली अवस्था सोडतो, तशी ती खाली येत गेली. सकाळी एक लहानसा धक्का होता. तेव्हा कुणीतरी त्यांच्या अंगावरून स्वेटर काढून खुंटीला अडकवला असणार. त्यानंतर खोली बंदच ठेवली होती, आणि पहिल्यांदाच लॉगरने सलग खोली मोजली होती.

ती रेषा जवळजवळ सरळ होती. थोरल्याने तिच्यावर बोट ठेवलं आणि डावीकडचा आकडा वाचला. खोटं आहे असं म्हणायला त्याला कुठेही जागा सापडली नाही.

चौदा.

चौदा अंशाला गोदामात केळी ठेवतात. त्याच्या खाली गेलं तर ती काळी पडतात आणि तक्रार त्याच दिवशी लिहून घेतली जाते.